गॅलरीतली भाजी: मातीची कुंडी की ग्रो बॅग?

इंदूरच्या रामबागेतल्या एका वहिनींचा प्रश्न: तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मिरची, टोमॅटो, मेथी लावायचीय, कुंडी घेऊ की ग्रो बॅग (रोपं लावायची प्लास्टिकची पिशवी)?

आधी वजन. बारा इंची कुंडी भिजल्यावर एकटीने हलत नाही. बॅग हलकी, रिकामी झाली की घडी घालून ठेवता येते. किमतीतही बॅगच स्वस्त.

खरा फरक पाण्याचा. कुंडीच्या भिंतीतून ओल उडते, म्हणून मुळं गार राहतात. पण मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की सकाळ-संध्याकाळ पाणी घालावं लागतं. प्लास्टिकच्या बॅगेत ओल टिकते, मात्र पावसाळ्यात तळाची भोकं बुजली तर मुळं कुजतात. आणि माळव्याची काळी माती नुसती भरू नका, दोन्हीत ती घट्ट बसते. निम्मं तरी शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हवंच.

टिकाऊपणात कुंडी पुढे, फुटली नाही तर. बॅग उन्हाने विरते; ‘यूव्ही’ (म्हणजे उन्हाला टिकणारी) छापलेलं असलं तरी कधीतरी विरणारच.

भाड्याचं घर असेल किंवा टोमॅटो लावायचे असतील तर बॅग. कढीपत्ता, पुदिना वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवायचा तर कुंडी. मेथीला दोन्ही नकोत, सहा इंच खोल जुनं टब पुरे.