रेडॉन मीटर: सहा महिने वापरल्यावर

बारा वर्षं प्रयोगशाळेत काढली. हायड्रोजन सल्फाइडचा डिटेक्टर किंचाळला की हातातलं टाकून बाहेर पळायचं, हे अंगात मुरलंय. तळघरातल्या खोलीसाठी रेडॉन (जमिनीतून झिरपणारा, फुफ्फुसांना घातक किरणोत्सारी वायू) मोजणारं मीटर आणलं तेव्हा त्याच्याकडूनही तीच अपेक्षा होती. पहिले चोवीस तास स्क्रीनवर नुसत्या आडव्या रेघा. "अहो, बिघडलेलंच आणलंत का?" बायकोने विचारलं.

बिघडलेलं नव्हतं. हवेत घनमीटरला 100 बेकरेल (म्हणजे सेकंदाला 100 अणू फुटतील इतका) रेडॉन असला, तरी चहाच्या कपाएवढ्या पेटीत तासाला जेमतेम पस्तीसेक अणू फुटतात. तेवढ्यावर भरवशाचा आकडा सांगायचा, तर वेळ लागणारच.

दुसऱ्या दिवशी पहाटे आकडा आला 212, दुपारी 90. मी हबकलो, मग हसू आलं. रात्री दारं-खिडक्या बंद, घरातली हवा उबदार. ती वर चढते आणि जमिनीतला वायू फटींतून आत ओढला जातो. माझी मूळ तक्रार हीच आहे: कंपनीने ताजा आकडा ठळक छापलाय आणि दीर्घ सरासरी कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात. खरं तर सरासरीच बघायची असते. त्यात आठवडाभर मीटर खिडकीच्या कट्ट्यावर होतं, ती चूक माझी. ते वाऱ्यापासून दूर, साधारण श्वासाच्या उंचीवर ठेवावं.

तीन महिन्यांची सरासरी 164. खात्री म्हणून त्याच काळात शेजारी अल्फा-ट्रॅक फिल्म (रेडॉनमधून निघणाऱ्या अल्फा कणांचे ओरखडे टिपणारी पट्टी) ठेवून तपासणीला पाठवली होती. ती म्हणाली 151. घरगुती यंत्राला हे शाबासकीचंच. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भपातळी 100, तेव्हा हात बांधून बसणं शक्य नव्हतं. फटी सिलंटने बुजवल्या, फरक नाममात्र. मग फरशीखालून पाइप काढून वायू बाहेर खेचणारा पंखा छतावर बसवला, तेव्हा कुठे सरासरी 48 वर आली. दोन महिन्यांनी पंख्याची वायर सैल झाली, कोणाच्या लक्षातही आलं नाही. आकडा चढला म्हणून कळलं. पैसे वसूल झाले ते त्या दिवशी.

विकणारा मात्र "सगळे विषारी वायू पकडतं" असं ठोकून देत होता. साफ खोटं! हे फक्त अणू फुटताना निघणारे अल्फा कण मोजतं. कार्बन मोनॉक्साइड त्याच्या गावीही नाही. त्यासाठी वेगळा अलार्म हवा, आणि त्याचा सेन्सर काही वर्षांनी बाद होतो, तेव्हा मागची तारीख बघा. प्रयोगशाळेतला डिटेक्टर आम्ही ठरावीक वायू सोडून बंप टेस्ट करतो. या मीटरला तशी सोय नाही, म्हणून एक तारा कापला. दर दोन वर्षांनी पुन्हा शेजारी फिल्म ठेवणार आहे.