डॉल्फिन मोजायचे तर होडी की किनारा?

शनिवारी पहाटे कोल्हापूर सोडायचं, गगनबावड्यावरून घाट उतरून देवगड गाठायचं आणि रविवारी रात्री परत. एवढ्या सवडीत डॉल्फिनची मोजणी होडीतून करावी की किनाऱ्यावरून, असं गटातली मुलं विचारतायत. माझं मत, पहिलं वर्ष किनाराच.

होडीचा फायदा मोठा आहे. आपल्याकडे किनाऱ्यालगत उथळ पाण्यात प्रामुख्याने हंपबॅक डॉल्फिन असतो. त्याच्या पाठीवरच्या पराच्या खाचा फोटोत टिपल्या की एकेक प्राणी ओळखता येतो, आणि तेच प्राणी पुन्हा किती वेळा दिसले यावरून एकूण संख्येचा अंदाज निघतो. किनाऱ्यावरून हे जमत नाही. पण फोटोसाठी जवळ जावं लागतं. इंजिनाच्या आवाजाने कळप दिशा बदलतो, जास्त वेळ पाण्याखाली राहतो, पिल्लांचं दूध पिणं तुटतं. संकटग्रस्त आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी; त्याला पिटाळून मिळवलेला आकडा मला नको.

किनाऱ्यावर उंच कड्यावर बसायचं. डोळ्यांची पाण्यापासूनची उंची माहीत असेल तर थिओडोलाइट या कोन मोजायच्या यंत्राने घेतलेल्या कोनावरून डॉल्फिनचं अंतर काढता येतं. भरती-ओहोटीची दुरुस्ती मात्र विसरायची नाही. हे यंत्र वापरणारी सिव्हिल इंजिनिअरिंगची मुलं गटात आहेतच. बसायचं सकाळी, कारण तेव्हा ऊन पाठीशी असतं. दुपारनंतर पश्चिमेचं पाणी नुसतं चकाकतं. काही न दिसलेले तासही लिहायचे. यातून एकूण संख्या कळणार नाही, पण दर तासाला किती दिसले याची वर्षावर्षांची तुलना होईल.

ड्रोनने वरून कळप छान मोजता येतो, पण आपल्या गढूळ पाण्यात पृष्ठभागाखालचं फारसं दिसत नाही. शिवाय बॅटरी अर्ध्या तासात संपते आणि परवानग्याही लागतात.

पाठीवर पर नसलेला, उडी न मारणारा फिनलेस पॉरपॉइज हा डॉल्फिनचा छोटा नातेवाईक मात्र डोळ्यांना सहज चुकतो. त्याच्यासाठी पाण्यात हायड्रोफोनच, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारा मायक्रोफोनच हवा. 2025 मध्ये भारतातल्या नद्यांमधल्या डॉल्फिनची 6,327 ही संख्या जाहीर झाली, त्या मोजणीतही डोळ्यांच्या जोडीला हायड्रोफोन होते. पण हे यंत्र महाग आहे. दुसऱ्या वर्षी बघू.

पहिली फेरी समुद्र निवळल्यावर, नोव्हेंबरात. त्याआधी एका रविवारी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर जमू आणि काठावरून पाण्यातल्या संध्यामठाचं अंतर काढू. तिथे उंची कमी, म्हणून चूक मोठी येईल. कड्याची उंची का लागते, ते मुलांना तिथेच कळेल.