जपानी रॉकेल फॅन हीटर: यंत्र चांगलं, पण आधी तेलाचं वय बघा

जेट कार्यक्रमातून जपानच्या शाळांत इंग्रजी शिकवायला येणारे बहुतेक शिक्षक जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये उतरतात. तेव्हा उकाड्याने जीव नकोसा झालेला असतो. घरात आधीच्या शिक्षकाने ठेवलेली गादी, भांडी, सायकल यांची मोजदाद होते. कोपऱ्यातल्या धुळकट पेटीकडे आणि बाल्कनीतल्या अर्ध्या भरलेल्या प्लास्टिकच्या कॅनकडे मात्र कोणी बघत नाही. नोव्हेंबरमध्ये त्याच दोन वस्तू सगळ्यात महत्त्वाच्या ठरतात. पेटी म्हणजे रॉकेलवर चालणारा फॅन हीटर आणि कॅनमध्ये मागच्या हिवाळ्याचं उरलेलं रॉकेल. हीटर बहुधा ठेवण्यासारखा असतो. तेल नसतं.

हे परीक्षण ३.२ किलोवॉट वर्गाच्या हीटरचं आहे. एकट्या शिक्षकाच्या घराला हाच पुरतो. खोक्यावर 'लाकडी घर ९ जो, काँक्रीट १२ जो' असं लिहिलेलं असतं. जो म्हणजे एका तातामीएवढी जागा; तातामी ही जपानी घरातल्या जमिनीवरची जाड गवती चटई. लाकडी घर जुनं आणि खिडकीला एकच काच असेल, तर ९ चा आकडा ७ धरा. नवा हीटर साधारण १२ ते १८ हजार येनला मिळतो. ऑक्टोबरमध्ये होम सेंटरमध्ये, म्हणजे घरगुती सामानाच्या मोठ्या दुकानात, सगळी मॉडेल्स मांडलेली असतात, जानेवारीत उरलेल्यांतून निवडावं लागतं.

मराठी माणसाला रॉकेल म्हटलं की रेशनची रांग आणि निळसर तेल आठवतं. जपानमधलं रॉकेल, म्हणजे तोयू, पाण्यासारखं स्वच्छ असतं आणि त्यात गंधकही फार कमी, दहा लाखांत ८० भागांपेक्षा जास्त नाही. म्हणूनच ते धुरांड्याशिवाय खोलीत जाळता येतं. यंत्राचं तत्त्वही आपल्या ओळखीचंच. पंपाच्या पितळी स्टोव्हला आधी काकडा पेटवून नळी तापवावी लागायची, मग रॉकेलची वाफ होऊन निळी ज्योत यायची. फॅन हीटरमध्ये काकड्याचं काम वीज करते. बटण दाबल्यावर तो काही वेळ गप्प बसतो तो त्यासाठीच. बिघडलाय असं समजून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका.

बाजारात दाइनिची आणि कोरोना ही दोन मोठी नावं, दोन्ही निइगाता प्रांतातली. दाइनिची चाळीसेक सेकंदांत पेटतो आणि पेटताना-विझताना वास कमी येतो. मात्र चालू असेपर्यंत ५० ते १०० वॉट वीज घेत राहतो. कोरोना पेटायला जास्त वेळ घेतो, पण एकदा पेटला की १०-२० वॉटवर भागवतो. रोज पाच तास चालवला तर विजेच्या बिलात महिन्याला साधारण तीनशे येनचा फरक पडतो. सकाळी सहा वाजता पाच अंश तापमानाच्या खोलीत उठून साडेसातला शाळेसाठी निघणाऱ्याने दाइनिची घ्यावा. तीनशे येनसाठी तेव्हा कुडकुडत उभं राहण्यात अर्थ नाही. संध्याकाळी सलग चालवणाऱ्याला कोरोना परवडतो.

पूर्ण आचेवर तासाला ०.३१ लिटर तेल जळतं, म्हणजे ५ लिटरची टाकी सोळा तासांत रिकामी होते. प्रत्यक्षात तापमान २० अंशांवर ठेवलं की हीटर आपणच आच कमी करतो आणि सरासरी ०.१५ लिटरच्या आसपास राहते. दिवसाला पाच तास धरले तर १८ लिटरचा कॅन तीन आठवड्यांहून थोडा जास्त पुरतो. कॅनला अलीकडच्या हिवाळ्यांत दोन हजार येन किंवा थोडे वर पडतात. हिशेब केला तर सौम्य थंडीत चांगला एसी (तिथला एसी खोली गरमही करतो) याहून स्वस्त पडतो. पण खेड्यातल्या शिक्षक-निवासात एसी असलाच तर एका खोलीत असतो, आणि बाहेर शून्याखाली गेलं की त्याची ताकदही घटते. फॅन हीटरची खरी किंमत पहिल्या दहा मिनिटांत कळते. तेवढ्यात खोली माणसात येते.

तेल आणणं हे यातलं खरं काम. आपणच तेल भरायच्या सेल्फ पंपावर नोझलचे रंग ठरलेले असतात: लाल साधं पेट्रोल, पिवळं हाय-ऑक्टेन, हिरवं डिझेल आणि निळं रॉकेल. डिझेलला जपानीत केइयू म्हणतात, म्हणून छोट्या केइ-कारमध्ये केइयू भरणारे नवखे दर वर्षी निघतात. (केइ-कारला लाल नोझल.) तोयू आणि केइयू या शब्दांतही गोंधळ होतो, तेव्हा नाव नाही, रंग बघा. चुकून पेट्रोल हीटरमध्ये गेलं तर आग लागते. जपानी पेट्रोलला मुद्दाम नारिंगी रंग दिलेला असतो. कॅनमधलं तेल रंगीत दिसलं की तिथेच थांबा.

कॅन जपानच्या पूर्वेकडे बहुधा लाल आणि पश्चिमेकडे निळा मिळतो. रंगाला बाकी काही अर्थ नाही. भरल्यावर तो पंधरा किलोच्या आसपास जातो. त्याला दोन टोप्या असतात, एक मोठी भरायची आणि एक छोटी हवेची. गाडीत कॅन सांडला तर तो बहुतेक वेळा छोट्या टोपीमुळे सांडतो, कारण ती घट्ट करायचं कोणालाच सुचत नाही. दोन्हींतली रबरी चकती तपासा आणि कॅन सीटबेल्टने बांधा. भाड्याच्या गाडीत शिरलेला रॉकेलचा वास पुढचा उन्हाळाभर जात नाही. गाडी नसेल तर हिवाळ्यात धून वाजवत फिरणारा रॉकेलचा ट्रक येतो. लिटरमागे थोडं महाग, पण तेल दारात मिळतं.

टाकी भरताना हीटर बंदच हवा. टाकी काढून दाराजवळच्या फरशीवर न्या, तातामीवर नको. तातामीत मुरलेलं रॉकेल निघत नाही आणि घर सोडताना त्याचे पैसे द्यावे लागतात. आपोआप थांबणारा बॅटरीचा पंप घ्या. हातपंपाने भरताना नजर हटली की तेल वर येतं. टोपी लावल्यावर 'खट' आवाज ऐका आणि टाकी उलटी करून थेंब येतो का ते बघा. टोपी नीट न बसल्यामुळे सांडलेलं तेल हे या हीटरांच्या आगींचं एक ठळक कारण आहे. हे काम रात्री करा. सकाळी शाळेच्या कपड्यांवर उडालेला थेंब शिक्षकांच्या खोलीत दिवसभर दरवळतो.

बटणं जपानीत असतात, पण चार शब्दांत काम भागतं: उन्तेन म्हणजे चालू-बंद, एन्चो म्हणजे मुदतवाढ, क्यूयू म्हणजे तेल भरा, कान्की म्हणजे हवा बदला. तीन तास कोणतंही बटण दाबलं नाही तर हीटर आपोआप बंद होतो. एन्चो दाबलं की पुढचे तीन तास मिळतात. ही सोय चांगलीच आहे, पण तिच्या भरवशावर हीटर चालू ठेवून झोपू नका. जळलेला वायू खोलीतच राहतो. तासातून एक-दोनदा मिनिट-दोन मिनिटं खिडकी उघडायची, शक्यतो समोरासमोरच्या दोन. झोपण्यासाठी विजेचं ब्लँकेट वापरा, त्याला वीजही किरकोळ लागते.

एक लिटर रॉकेल जळलं की लिटरभरापेक्षा थोडं जास्तच पाणी वाफ होऊन हवेत जातं. सुरुवातीला बरं वाटतं, कारण एसीसारखा घसा कोरडा पडत नाही. पण तीच वाफ थंड काचेवर पाणी होऊन उतरते आणि जानेवारीत गादीखालच्या तातामीवर बुरशी दिसते. सकाळी काच पुसणं आणि गादी उचलून ठेवणं ही हीटरचीच कामं समजा.

आता बिघाड. पेटतो, दहा-वीस मिनिटं चालतो आणि बिघाडाचा आकडा दाखवून बंद पडतो, ही सर्वांत नेहमीची तक्रार. कारण पुष्कळदा न्हाणीघरात सापडतं. केसांच्या सिरमात, चमक आणणाऱ्या स्प्रेत आणि कपड्यांच्या वॉटरप्रूफ स्प्रेत सिलिकॉन असतं. ते हवेतून आत शिरून ज्योत ओळखणाऱ्या कांडीवर पांढरा थर धरतं. ज्योत असूनही यंत्राला ती 'दिसत' नाही, म्हणून ते सुरक्षेसाठी थांबतं. वॉरंटीत हे सहसा बसत नाही. हीटरच्या खोलीत स्प्रे मारू नका. साध्या खोबरेल तेलाने काही होत नाही. दुसरं कारण मागची जाळी. तिच्यावर धूळ साचली की हवा कमी पडते. आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम फिरवला की पुरे.

तिसरं कारण म्हणजे तेच जुनं तेल. उन्हाळाभर बाल्कनीत राहिलेलं रॉकेल उन्हाने पिवळं पडतं आणि त्याला आंबूस वास येतो. कॅनमध्ये पाणीही शिरलेलं असू शकतं. काचेच्या ग्लासात तेल आणि दुसऱ्या ग्लासात पाणी घेऊन मागे पांढरा कागद धरा. तेल किंचितही पिवळट दिसलं तर ते हीटरमध्ये घालू नका. वाफ करणाऱ्या भागात त्याचं डांबर जमतं आणि दुरुस्तीचा खर्च नव्या हीटरच्या जवळ जातो. असं तेल नाल्यात ओतायचं नसतं. जिथे रॉकेल विकतात त्या पंपावर विचारा, बहुतेक ठिकाणी घेतात.

आधीच्या शिक्षकाचा हीटर वापरण्यापूर्वी मागच्या पट्टीवर निर्मितीचं वर्ष आणि पीएससी हा सुरक्षेचा शिक्का बघा. २०११ च्या एप्रिलपासून हा शिक्का नसलेले हीटर विकायला बंदी आहे. आठ वर्षांहून जुना असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका, सुटे भागही मिळतीलच असं नाही. घराचा करारही वाचून घ्या. अनेक अपार्टमेंटमध्ये रॉकेल जाळायलाच मनाई असते, आणि तसं असेल तर हे सगळं परीक्षण तुमच्यासाठी नाही.

वीज गेली की फॅन हीटर थंड. जिथे बर्फामुळे तारा तुटतात तिथे वातीचा साधा स्टोव्ह जवळ असावा. तो बॅटरीवर पेटतो आणि वर किटली ठेवता येते. फॅन हीटरवर काहीच ठेवायचं नसतं, ओले मोजेसुद्धा नाहीत.

मार्चपासून कॅन अर्धाच भरून आणा. शेवटची टाकी जळून संपू द्या, आतल्या तळाशी राहिलेलं तेल ड्रॉपरने काढा, तेलाची जाळी रॉकेलनेच धुवा (पाण्याने नाही) आणि हीटर उभाच खोक्यात ठेवा. करार त्याच उन्हाळ्यात संपत असेल तर कॅन रिकामा ठेवून जा आणि खोक्यावर हीटर कधी घेतला ते वर्ष लिहा.