डिस्क लावायला गेम कन्सोल बरा की वेगळा प्लेअर?

घरी डिस्कचा साठा आहे, जुना डीव्हीडी प्लेअर अडखळायला लागलाय आणि त्याच सुमारास मुलांनी कन्सोलसाठी धोशा लावलाय. मग मनात येतंच, की कन्सोलमध्ये ब्लू-रेचा, म्हणजे डीव्हीडीहून स्वच्छ चित्राच्या डिस्कचा, ड्राइव्ह असतो, तर वेगळ्या प्लेअरवर पैसे कशाला घालायचे? विचार रास्त आहे. आमच्याकडे दोन्ही यंत्रं एकाच टीव्हीला जोडलेली आहेत, दोन्हींवर भरपूर नाटकं-सिनेमे पाहून झालेत आणि आता डिस्क म्हटली की हात प्लेअरकडेच जातो. तसं का झालं ते सांगतो. तुमच्या घरची माणसं आणि तुमचा साठा वेगळा असेल तर उत्तरही वेगळं निघू शकेल.

‘कन्सोल घ्या, प्लेअर त्यातच आला’ हा सल्ला अजूनही हमखास मिळतो, आणि एके काळी तो पूर्ण खरा होता. २००० साली जपानमध्ये सोनीचा प्लेस्टेशन २ कन्सोल आला तेव्हा कितीतरी घरांत तोच पहिला डीव्हीडी प्लेअर ठरला. २००६मध्ये तर कमालच होती. अमेरिकेत सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर ९९९ डॉलरला होता आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेला, ब्लू-रे चालवणारा ६० जीबीचा प्लेस्टेशन ३ होता ५९९ डॉलरला. ब्लू-रे आणि तोशिबाची एचडी डीव्हीडी या दोन प्रतिस्पर्धी डिस्कमध्ये तेव्हा जुंपलेली होती. फेब्रुवारी २००८मध्ये तोशिबानं एचडी डीव्हीडी सोडून दिली, त्याला घरोघरी पोहोचलेल्या या कन्सोलचाही हातभार लागला. शिवाय प्लेस्टेशन ३ सीडी वाजवायचा आणि नुसत्या अपडेटवर त्याला २०१०मध्ये थ्री-डी ब्लू-रेही दाखवता यायला लागले. त्या काळी मला कुणी विचारलं असतं तर मीही डोळे झाकून कन्सोलच सांगितला असता.

पुढे मात्र कन्सोलवाल्यांचं डिस्कवरचं लक्ष हळूहळू उडालं. प्लेस्टेशन ४पासून ऑडिओ सीडी बंद झाली. २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन एस फोर-के डिस्क (ब्लू-रेहूनही बारीक चित्राच्या) दाखवत होता, पण त्याच वर्षी आलेला, नावातच ‘प्रो’ असलेला प्लेस्टेशन ४ ते करू शकत नव्हता. आज एक्सबॉक्स सिरीज एस आणि प्लेस्टेशन ५ डिजिटल यांत ड्राइव्हच येत नाही. २०२४चा प्लेस्टेशन ५ प्रोसुद्धा ड्राइव्हशिवायच आला, ड्राइव्ह वेगळा घेऊन बसवावा लागतो. २०२३मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ स्लिमला जो काढता-घालता येणारा ड्राइव्ह आहे, तो बसवताना एकदा इंटरनेटवरून जोडून घ्यावा लागतो. एक्सबॉक्सवरही ब्लू-रेचं ॲप आधी उतरवून घ्यावं लागतं. यातलं काहीच अवघड नाही, पण कंपन्यांच्या मनात डिस्कला कुठली जागा आहे ते यावरून कळतं.

चित्राबद्दल फार लिहीत नाही, कारण साध्या ब्लू-रेवर मला दोन्हींत फरक दिसलेला नाही. डीव्हीडी मोठ्या टीव्हीवर लावली की प्लेअरचं चित्र मला किंचित स्वच्छ वाटतं, विशेषतः चेहऱ्यांच्या कडांना. मी काही मोजमाप केलेलं नाही, माझ्या डोळ्यांना जे वाटतं ते सांगतोय. फोर-के डिस्कवर एक ठोस फरक आहे. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स दोन्ही डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन (प्रसंगागणिक उजेड-रंग सावरणारं तंत्र) दाखवत नाहीत, त्याहून साध्या एचडीआर१०वरच थांबतात. तुमच्या टीव्हीला डॉल्बी व्हिजन असेल आणि तुम्ही त्यासाठी मुद्दाम पैसे मोजले असतील तर हे लक्षात घ्या. एकूणच फोर-के डिस्क ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचं मोल सांगायला नको. नेटफ्लिक्सचं फोर-के सेकंदाला साधारण १५ मेगाबिटांत भागवतं, डिस्कची मर्यादा शंभराच्याही वर जाते. काळोखातले प्रसंग पाहिले की हा फरक डोळ्यांना कळतो.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच असते. मराठी घरातल्या साठ्यात फोर-के डिस्क मोजक्या. बाकी डीव्हीडी, नाट्यसंगीताच्या आणि भावगीतांच्या सीडी, आणि नाटकांच्या व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी. व्हीसीडीत जेमतेम सव्वा तासाचा मजकूर मावतो, म्हणून तीन अंकी नाटकाचा संच दोन-तीन तबकड्यांचा असायचा. यातली कित्येक नाटकं त्या संचात, त्या नटांसह, पुन्हा कधी डीव्हीडीवर आलीच नाहीत. प्लेस्टेशन ५ व्हीसीडीही घेत नाही आणि ऑडिओ सीडीही. एक्सबॉक्स सीडी वाजवतो, व्हीसीडीला तोही नाही म्हणतो. भारतात विकले गेलेले साधे डीव्हीडी प्लेअर व्हीसीडी बिनतक्रार चालवतात. ब्लू-रे प्लेअर मात्र सगळेच चालवतात असं नाही, तेव्हा हे विचारूनच घ्या.

परदेशातून कुणी डिस्क आणत असेल तर प्रदेशाची भानगड आहे: डिस्क आणि यंत्र दोन्ही जगाच्या ठरावीक विभागाला बांधलेली असू शकतात. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’ विभागात, अमेरिका ‘ए’मध्ये, ब्रिटन ‘बी’मध्ये. डीव्हीडीसाठी आपण पाचव्या विभागात येतो. आपल्याकडे घेतलेला कन्सोल त्या विभागाला बांधलेला असतो आणि ते कुलूप उघडता येत नाही. प्लेअरही बांधलेलेच असतात, पण डीव्हीडीपुरतं कुलूप उघडणारी मॉडेलं मिळतात. फोर-के डिस्कना विभाग नसतो, त्यामुळे न्यू जर्सीतल्या भावानं आणलेली फोर-के डिस्क फोर-के चालवणाऱ्या कुठल्याही यंत्रावर चालेल, त्याच डब्यातली साधी ब्लू-रे कदाचित चालणार नाही.

एवढं सगळं असूनही मी दोन्हींच्या मध्येच रेंगाळलो असतो. माझं ठरलं ते पॉजच्या बटणावरून.

घरात सिनेमा पाहताना सगळ्यात जास्त लागणारं बटण तेच. कुकरची तिसरी शिट्टी होते, दारात कुरिअरवाला येतो, बहिणीचा व्हिडिओ कॉल येतो. प्लेअरचा रिमोट उचलला, बटण दाबलं, चित्र थांबलं. कन्सोलचा कंट्रोलर मात्र काही मिनिटं हात लागला नाही की बॅटरी वाचवायला बंद होतो. खेळताना हे जाणवत नाही, कारण बोटं सतत बटणांवर असतात. सिनेमा चालू असताना तो दोन तास नुसता पडून असतो. मग आधी मधलं बटण दाबून त्याला जागं करायचं, तो कन्सोलशी जोडला जाईपर्यंत थांबायचं, आमच्याकडे तिघांची खाती असल्यामुळे ‘कोण वापरतंय’ याचं उत्तर द्यायचं, समोर आलेला मेनू घालवायचा आणि मग पॉज. तोवर फोन वाजून बंद झालेला असतो आणि नाटकातलं ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते वाक्य निघून गेलेलं असतं.

बंद होऊ नये अशी सेटिंग करून ठेवली तर दुसरी गंमत होते. कंट्रोलरच्या पुढच्या बाजूला जे दोन ट्रिगर असतात, ते सिनेमा चालू असताना पुढे-मागे पळवायचं काम करतात. आता हा कंट्रोलर ठेवायचा कुठे? सपाट टीपॉयवर ठीक राहतो. आई दिवाणावर पाय वर घेऊन बसते, अंगावर गोधडी असते आणि कंट्रोलर त्या गोधडीवर. ती जरा सावरून बसली की खालचा ट्रिगर दाबला जातो आणि रंगात आलेला प्रवेश धावत सुटतो. आई घाबरते, तिला वाटतं आपल्याकडून काहीतरी बिघडलं. मग ती हाका मारते आणि मी स्वयंपाकघरातून पळत येतो. एकदोनदा हसून सोडून दिलं असतं. पण तिनं नंतर एकटीनं नाटक लावणंच बंद केलं, आणि ते मला फार लागलं. दुपारी घरात कुणी नसताना आपल्या आवडीचं नाटक लावून बसणं हा तिचा इतक्या वर्षांचा आनंद आहे.

प्लेअर आला तेव्हा तिनं त्याच्या रिमोटवर प्लेच्या बटणाला एक लाल टिकली लावली आणि पॉजच्या बटणाला हिरवी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला बारीक चिन्हं दिसत नाहीत, पण टिकली बोटालाही कळते आणि डोळ्यालाही. आता ती स्वतः ट्रे उघडते, डिस्क घालते, हिरवी टिकली दाबून मध्येच चहा करून येते. माझ्या दृष्टीनं बाकी सगळ्या तुलनेपेक्षा हे वजनदार आहे.

कन्सोलसाठी वेगळा मीडिया रिमोट मिळतो हे खरं. प्लेस्टेशन ५चा ब्लूटूथवर चालतो, एक्सबॉक्सला साधा इन्फ्रारेड रिमोटही चालतो. काही टीव्हींच्या रिमोटची आज्ञा एचडीएमआय केबलमधूनच कन्सोलपर्यंत पोहोचते. तुमच्याकडे कन्सोल आधीच असेल तर हा उपाय जरूर करून पाहा, बऱ्याच जणांचं त्यावर भागतं. आमच्याकडे कन्सोल सुरू केल्यावर समोर येणारा पडदा, खेळांच्या जाहिराती आणि मुलाचा अर्धवट सोडलेला खेळ यांतून डिस्कपर्यंतची वाट आईसाठी लांबच राहिली. ड्राइव्हमध्ये मुलाच्या खेळाची डिस्क असायची ते वेगळंच.

आवाजाचंही थोडं. कन्सोलचा पंखा सिनेमाच्या वेळी खेळाइतका जोरात फिरत नाही, पण आमच्या छोट्या हॉलमध्ये एप्रिल-मे महिन्यांत तो मला ऐकू येतो. मारामारीच्या सिनेमात काही बिघडत नाही. नाटकाच्या ध्वनिमुद्रणात आधीच संवाद हळू, त्यात दोन वाक्यांमधली शांतता महत्त्वाची. तिथे तो खुपतो. दिवे गेले की आणखी एक फरक दिसतो. अचानक वीज गेल्यावर कन्सोल पुन्हा सुरू करताना ‘नीट बंद केला नव्हता’ म्हणून तपासणी करत बसतो. प्लेअर सरळ सुरू होतो, आणि वीज इतकी कमी घेतो की घरच्या इन्व्हर्टरवर त्याची काळजी वाटत नाही.

प्लेअरची उणी बाजू लपवून चालणार नाही. ब्लू-रेचे जड मेनू कन्सोलवर चटकन उघडतात, प्लेअरवर वाट पाहावी लागते. कन्सोलचे अपडेट आपोआप येतात. प्लेअरचे शोधून पेनड्राइव्हवरून घालावे लागू शकतात, आणि नव्या डिस्क चालायला ते कधीकधी लागतातच. सोनीच्या यूबीपी-एक्स७००सारख्या चांगल्या मॉडेललाही डॉल्बी व्हिजन प्रत्येक वेळी सेटिंगमध्ये जाऊन हातानं चालू-बंद करावं लागतं, हे मला पटत नाही. पॅनासॉनिकच्या डीपी-यूबी८२०ला एचडीआरचं चित्र टीव्हीच्या कुवतीप्रमाणे सावरून घेण्याची सोय आहे, पण किंमत त्या मानानं चढी. आणि बाजार आटतोय. ओप्पोनं २०१८मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगनं २०१९मध्ये अमेरिकेच्या बाजारातून पाय काढला. आपल्याकडे दुकानात चार मॉडेलं समोर मांडून निवड करण्याचे दिवस गेले. ठरवलं असेल तर फार लांबवू नका, एवढंच सुचवीन.

ज्यांच्या घरी गेम खेळले जाणारच आहेत आणि वर्षाकाठी चार-दोन डिस्क लागतात, त्यांनी ड्राइव्ह असलेला कन्सोल घ्यावा आणि जोडीला मीडिया रिमोट. वेगळा प्लेअर तिथे कपाटात पडून राहील. सगळा साठा डीव्हीडी-व्हीसीडीचाच असेल तर ब्लू-रेच्याही वाटेला जाऊ नका, थोड्या हजारांतला डीव्हीडी प्लेअर पुरे. फक्त त्याला एचडीएमआय आहे ना ते पाहा, कारण नव्या टीव्हींना लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागा बरेचदा नसते. डिस्क नेमानं लागत असतील आणि घरात कुणी वडीलधारं माणूस ती स्वतः लावत असेल, तर माझा कौल वेगळ्या ब्लू-रे प्लेअरला.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करायला जाल तेव्हा घरच्या तीन डिस्क पिशवीत टाका: एक व्हीसीडी, एक चरे पडलेली डीव्हीडी आणि एक परदेशातून आलेली ब्लू-रे असेल तर ती. दुकानदाराला त्याच लावून दाखवायला सांगा. ट्रे बाहेर येताना अडतो का ते बघा, चित्र थांबवून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा, तिथूनच सुरू होतं का ते पाहा. रिमोट हरवला तर दुसरा मिळेल का, हेही तेव्हाच विचारून ठेवा.