रोटॅक्स ९१२ की लायकॉमिंग ओ-२३५: आपल्याकडे सांभाळायला कुठलं इंजिन बरं?

दोन सीटचं जुनं विमान घ्यायचं म्हटलं की निवड बहुधा इथे येऊन ठेपते: सेसना १५२ मधलं ११० अश्वशक्तीचं लायकॉमिंग, किंवा टेकनामसारख्या विमानातलं १०० अश्वशक्तीचं रोटॅक्स ९१२ यूएलएस.

युरोपात रोटॅक्सचं पारडं साध्या पेट्रोलमुळे जड होतं. आपल्याकडे नेमकं तिथेच घोडं अडतं. पंपावरच्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा ९५ ऑक्टेन पुरतो, पण या इंजिनाला इथेनॉल चालतं १० टक्क्यांपर्यंतच. उरतं एव्हगॅस १०० एलएल, म्हणजे विमानांसाठीचं शिसंयुक्त पेट्रोल. ते ३० टक्क्यांहून जास्त वापरलं की तेल दर २५ तासांनी बदला, प्लग २०० ऐवजी १०० तासांनी. इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल एकच, त्यामुळे शिशाचा राखाडी गाळ तेलटाकीच्या तळाशी बसतो तसाच गिअरबॉक्सला झटक्यांपासून वाचवणाऱ्या ओव्हरलोड क्लचमध्येही. पूर्ण सिंथेटिक तेल टाळाच, त्यात शिसं तरंगत राहत नाही.

दुसरी कटकट बिंग कंपनीच्या दोन कार्ब्युरेटरची. व्हॅक्यूम गेज लावून दोन्ही जुळवावे लागतात, नाहीतर आयडलला, म्हणजे सर्वात कमी वेगावर, इंजिन थडथडतं. एका कार्ब्युरेटरच्या दोन्ही फ्लोटचं वजन मिळून ७ ग्रॅमच्या वर गेलं, तर ते पेट्रोल पिऊन जड झालेत, बदला. रबरी नळ्या दर ५ वर्षांनी, विमान उडो न उडो.

लायकॉमिंग एव्हगॅसवरच वाढलेलं. तरी खालच्या प्लगमध्ये शिशाचे मणी साचतात. जमिनीवर मिश्रण चांगलं लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) ठेवा, प्लग साफ करून वरचे खाली, खालचे वर लावा. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (फट) दर १०० तासांनी तपासावं लागतं. रोटॅक्समध्ये ही फट तेलाच्या दाबाने आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट असल्याने हे काम नाही. फिल्टर असेल तर तेल ५० तासांनी, नुसती जाळी असेल तर २५. काहीही असो, चार महिन्यांत एकदा बदलायचंच.

खरा धोका कॅमशाफ्टचा, म्हणजे आपल्या उंचवट्यांनी (लोब) व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा. तो इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, क्रँकशाफ्टच्या, वर बसतो. इंजिन उभं राहिलं की तेल निथळतं आणि कोकणातल्या पावसाळी हवेत लोबवर गंज धरतो. पुढे लोब सोलवटतो, फिल्टर कापला की लोखंडी कण दिसतात, आणि इंजिनाची केस (कवच) उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवून ‘तेल पसरवू’ नका, उरलासुरला थरही पुसला जातो. (रोटॅक्समध्ये उलट: तेल मोजण्याआधी टाकीत गुरगुर ऐकू येईपर्यंत पंखा फिरवावाच लागतो, तोही फक्त चालत्या दिशेने.)

नियमित उडणार असाल, तर सध्याच्या इंधनात आम्ही लायकॉमिंगच घेऊ. रोटॅक्स तेव्हाच, जेव्हा इथेनॉलविरहित पेट्रोलची खात्रीची सोय आणि बिंगवर हात बसलेला एएमई (विमान देखभाल अभियंता) जवळ असेल. लॉगबुक बघताना रोटॅक्समध्ये नळ्यांची तारीख आधी शोधा, लायकॉमिंगमध्ये सलग उभं राहिल्याचे महिने.