हातोडीचा सेट की टेबलावरचा प्रेस?

अमेरिकेत रायफलची काडतुसं घरी पुन्हा भरणं हा जुना, कायदेशीर छंद आहे. (भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो; इथं हा प्रयोग नकोच.) नवख्यापुढे स्वस्तातले पर्याय दोन.

पहिला ली लोडर. हातात मावेल एवढा डबा, त्यात डाय (पुंगळीला माप देणारा पोलादी साचा) आणि बंदुकीची दारू मोजायचा चमचा. हातोडी आपली. पितळी पुंगळी (उडवलेल्या काडतुसाचं रिकामं कवच) डायमध्ये ठोकून बसवायची, ठोकूनच बाहेर काढायची. पण एक डबा एकाच कॅलिबरचा (काडतुसाच्या मापाचा), आणि पुंगळीची फक्त मान आवळली जाते, अंग नाही. त्यामुळे ती ज्या रायफलीतून उडाली तिच्यातच नीट बसते. बोल्ट-अॅक्शनला (दर गोळीला हातानं खटका ओढायच्या रायफलीला) चालतं, सेमी-ऑटोला (पुढचं काडतूस आपोआप चढवणारीला) नाही. शिवाय प्राइमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) ठोकून बसवताना एखादा फटकन फुटतो. चष्मा हवाच, आणि शेजारी झोपलेले नसावेत.

दुसरा सिंगल-स्टेज प्रेस, म्हणजे एका वेळी एकच काम करणारं दाबयंत्र. टेबलाला बोल्टनं घट्ट आवळायचा, दांडा खाली ओढायचा, की पुंगळी पूर्ण मूळ मापात येते. डाय बदलली की कॅलिबर बदललं. मात्र पुंगळीला आधी वंगण चोळायचं विसरलात तर ती डायमध्ये अशी रुतते की ड्रिल आणि आटे पाडायचा टॅप घेऊन बसावं लागतं. डाय, शेल होल्डर (पुंगळी धरणारा तुकडा), माप घ्यायचा कॅलिपर धरून खर्च कित्येक पट वाढतो.

माझं मत प्रेसलाच. वजनकाटा आणि छापील लोड मॅन्युअल (किती दारू भरायची ते सांगणारं पुस्तक) मात्र दोन्हीकडे लागतंच. चमच्याच्या भरवशावर राहू नका.