नाटकांचं कपाट उत्तम, फक्त पानं तपासून घ्या

एप्रिल-मेच्या सुट्टीत जुनी नाटकं वाचायची असतील, तर रत्नागिरीतल्या या छोट्या वाचनालयाचं नाटकांचं कपाट जरूर बघा. एका वेळी दोनच पुस्तकं मिळतात, १५ दिवसांसाठी. म्हणजे दोन महिन्यांत आठ नाटकं. यादी त्याहून मोठी करू नये.

सुरुवात तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’पासून करा. तीन अंक, बोलती भाषा, दोन दुपारींत वाचून होतं. मग किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ (१८८२) आणि देवलांचं ‘शारदा’ (१८९९). संगीत नाटकातली पदं गाळून पुढे गेलं की प्रवेश अर्धवट वाटतो, कारण पात्राच्या मनातलं पुष्कळसं पदातच असतं. आधी पद ऐकावं, मग प्रवेश वाचावा. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ पाच अंकांचं. रोज एकच अंक. दारूच्या आहारी गेलेल्या नायकाची, सुधाकराची घसरण घाईत वाचली तर नुसती रडकी वाटते, आणि ती तशी मुळीच नाही.

खोट एकच: जुन्या प्रतींची शिवण सुटलीय, शेवटच्या अंकाची पानं गळतात. काउंटरवरच बघून घ्या. पुस्तकं मृगाआधी परत करा. दमट हवेत बुरशी धरते.